पाण्याखालचे साचे

लवू घाडी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसे, ओठांकडे बघे. पहिल्या भेटीत मला ते जरा विचित्र वाटले. नंतर कळले की गिरणीच्या साचेखात्यात उमेदीची वर्षे काढलेले सगळेच असे बघतात. साचा म्हणजे कापड विणण्याचा माग. एका छपराखाली शेकडो साचे एकदम धडधडत असले की शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून तिथली माणसे आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि लागेल तिथे बोटांची जोड देतात. लवू आणि दौलत परब हे दोघे समोरासमोरच्या साच्यांवर उभे राहून तरुणपणापासून असे बोलत आले होते. गावाकडची भांडणे, मुकादमाच्या चालण्याची नक्कल, रात्रीच्या भजनात काय घ्यायचे ते, सगळे त्यांचे तिथेच ठरे.

त्या धडधडीत लवूचे कान गेले होते, पण सरसकट गेले नव्हते. पक्ष्याची शीळ, सायकलची घंटी, हार्मोनियमच्या वरच्या पट्ट्या त्याला येत नसत. ट्रकचे इंजिन, ढोल, मृदुंगाची डावी बाजू मात्र लख्ख ऐकू येई. कमल, त्याची बायको, म्हणायची की याला फक्त आपल्या सोयीचे ऐकू येते. माणसाच्या कानाचा अर्धाच भाग असा झिजतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. मी मुलींच्या शाळेत पियानो शिकवत असे, त्यामुळे कुणाला काय ऐकू येते आणि काय नाही, याचे मला पहिल्यापासून कुतूहल.

लवू मालवणकडचा. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा आणि चाळीच्या भजनी मंडळात मृदुंग वाजवायचा. मंडळाचे बुवा म्हणजे हाच दौलत. गिरणगावात तेव्हा डबल बारीचे मोठे वेड होते. दोन बुवा समोरासमोर बसायचे. एकाने गाऊन प्रश्न टाकायचा, टोमणा मारायचा. दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचे. एकाची बारी चालू असताना दुसऱ्याने गप्प बसायचे, ही त्यातली शिस्त. दौलतबुवांची बारी असली की लालबागहून लोक येत. लवूला ना हार्मोनियम नीट ऐकू येई, ना गाणे. तो दौलतच्या ओठांकडे बघून वाजवायचा. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

आमची आणि लवूची गाठ पडली ती माझ्या धाकट्या नणंदेमुळे. उर्मिला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. लग्न केलेले नव्हते, आमच्याबरोबर गिरगावातच राहायची. एक विषय डोक्यात शिरला की जेवणाच्या टेबलावर दुसरे काही निघत नसे. त्या वर्षी विषय होता माशांचा आवाज. वरळीच्या खाडीच्या तोंडाशी ढोमी नावाचा मासा संध्याकाळी आवाज करतो असे तिने कोळ्यांकडून ऐकले होते. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, नर आपल्या स्नायूंनी ती ढोलासारखी बडवतो आणि अंडी घालायच्या दिवसांत मादीला बोलावतो, असे तिच्या पुस्तकांत होते. तिला ते स्वतः ऐकायचे होते आणि टेपवर उतरवून घ्यायचे होते. परदेशातून आलेल्या एका सहकाऱ्याकडून तिने पाण्यात सोडायचा माइक मिळवला. सासूबाईंनी एकटीला होडीत जाऊ देणार नाही म्हणून बजावले, तेव्हा सोबत म्हणून मी गेले. मला समुद्र लागतो. पण मासा कोणत्या सुरात बोलतो हे समजल्याशिवाय मलाही चैन पडणार नव्हते.

होडी वरळी कोळीवाड्यातल्या हरेश्वरची. लवू त्याच होडीवर होता. ते १९८२ साल. गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटले होते की होळीपर्यंत मिटेल. होळी गेली, पावसाळाही निम्मा गेला. लवूने हमाली केली, रंगकाम केले आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या तशी हरेश्वरकडे मजुरी धरली. हरेश्वर त्याची थट्टा करायचा. म्हणायचा, याला वल्हे दिले तर आधी त्याच्यावर ठेका धरून बघतो, मग पाण्यात घालतो.

पहिल्याच संध्याकाळी आवाज सापडला. माइक पाण्यात सोडला आणि कानाला लावायचा हेडफोन उर्मिलाने माझ्याकडे दिला. आधी नुसती चुरचुर ऐकू आली, कढईत मोहरी तडतडावी तशी. ती कोळंबीच्या जातीतल्या एका प्राण्याची, असे उर्मिला म्हणाली. मग त्या चुरचुरीच्या खाली, पियानोच्या अगदी डाव्या हाताला, खर्जात, काहीतरी ठोकल्यासारखे लागले. टक टक टक टक. थोडे थांबून पुन्हा. मग दुसरीकडून, मग चहूकडून, आणि शेवटी सगळे मिळून एक अखंड घरघर. मी उर्मिलाचा हात धरून बसले. आमच्या पायांखालच्या त्या गढूळ, वास येणाऱ्या पाण्यात एवढी गजबज असेल असे कुणाला वाटले असते?

हरेश्वरने ऐकले आणि मान डोलावली. त्याच्या वडिलांनी त्याला हे सांगितलेच होते. मग लवूने हेडफोन लावला. चुरचुर त्याला येणे शक्य नव्हते. खालचे ठोके तेवढे आले असणार. तो एकदम उभा राहिला, होडी कलली आणि हरेश्वर त्याच्यावर खेकसला. लवूचे लक्ष नव्हते. तो किनाऱ्याकडे, गिरण्यांच्या धुराड्यांकडे बघत होता. एकाही धुराड्यातून धूर येत नव्हता.

"साचे चालू आहेत," तो म्हणाला.

उर्मिलाने त्याला पुन्हा पुन्हा समजावले. तो तिच्या ओठांकडे बघत शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि नकाराची मान हलवायचा. त्याचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. त्याच्या गिरणीच्या सांडपाण्याचा नळ तिथून जवळच समुद्रात उतरत होता. मालक मागच्या दाराने थोडी माणसे आत घेऊन साचे चालवतात, अशी कुजबुज चाळीत महिनाभर होती. बाहेर आवाज फुटू नये म्हणून खिडक्या बंद केल्या असतील, पण नळाला कोण बंद करणार? नळातून आवाज पाण्यात उतरला, इतके सरळ त्याचे गणित होते. आणि ज्या आवाजात माणूस निम्मे आयुष्य उभा राहिला, तो आवाज त्याला ओळखू येणार नाही हे कसे मान्य करायचे? मासा असे ठोकेल, आणि एकासारखा एक, हे त्याला पटेना.

घरी जाऊन त्याने साचे चालू असल्याचे सांगितले. तेवढेच सांगितले, कुणाचे नाव घेतले नाही. पण साचे चालू असतील तर ते कुणीतरी चालवत असणार, आणि चाळीतले लोक कोण ते शोधायला लागले. दौलतबुवा रोज उजाडायच्या आत अंगावर चादर घेऊन बाहेर पडत आणि ऊन चढल्यावर परत येत. कुठे जाता विचारले की उत्तर देत नसत. आतापर्यंत कुणी काही बोलले तर लवूच मध्ये पडायचा. आता त्याच्याच तोंडून साचे चालू झाल्याचे आले होते. संपात फुटणारा माणूस म्हणजे चाळीच्या दृष्टीने मेलेला माणूस.

गणपती आले. मंडळ भजनाला बसले आणि पहिल्यांदाच दौलतबुवांना बोलावणे गेले नाही. दुसऱ्या एका तरुण बुवाला बसवले. लवूने मृदुंग पुढे घेतला, त्या मुलाच्या ओठांकडे बघत सुरुवात केली आणि थोड्याच वेळात ठेका सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. तो मुलगा डोळे मिटून, मान खाली घालून गायचा. लवूने मृदुंग बाजूला ठेवला आणि उठून गॅलरीत गेला. समोरच्या खोलीच्या दारात दौलत उभा होता. त्याने लवूकडे पाहिले आणि दार लावून घेतले.

हे सगळे आम्हांला कमलने सांगितले. लवू त्यातले काही बोलला नसता. विसर्जनानंतर एका संध्याकाळी ती होडीच्या जागेवर आली, उर्मिलाला बाजूला घेतले आणि तिच्यावर सरळ चढलीच. तिची तक्रार अशी, की तुमच्या या डबीने आमच्या घरात विस्तव घातला. दौलतची बायको सुंदराबाई नळावर तिच्याशी बोलेनाशी झाली होती. भरलेली कळशी उचलायला हात लावायचीही नाही. शेवटी त्या दिवशी सकाळी दोघींचे वाजले आणि रागाच्या भरात सुंदराबाई बोलून गेली. दौलत पहाटे दादरच्या फुलबाजारात जात होता. झेंडूची पोती ट्रकमधून उतरवायचा. बारी संपल्यावर ज्याच्या गळ्यात हार पडायचे, तो आता त्याच हारांची फुले पाठीवरून वाहत होता. हे कुणाला दिसू नये म्हणून अंगावर चादर.

"आता ह्येका विचारा," कमल लवूकडे बोट दाखवून म्हणाली, "दौलत फुला उतरवता, तर साचे कोण चालवता?"

लवू उर्मिलासमोर येऊन बसला. त्या दिवसापर्यंत तो वाद घालत होता, आता विचारत होता. आवाज माशाचा असेल तर त्याने दौलतवर उगाच डाग लावला. साच्यांचा असेल तर कुणीतरी फुटलेला आहेच. दोन्हींत त्याचे नुकसान होते, पण नक्की काय ते त्याला कळायला हवे होते. उर्मिलाला अशी माणसे फार आवडत. तिने तिथल्या तिथे ठरवले की लवू सांगेल तसे करून बघायचे.

लवूने पहिली तपासणी नळाच्या तोंडाशी लावली. आवाज नळातून येत असेल तर तिथे तो सगळ्यांत मोठा हवा. ओहोटीच्या आधी हरेश्वरने होडी तिथे नेली. नाकाला पदर लावून मी बसले. माइक सोडला. नुसता खळखळाट. लवूने हेडफोन दाबून धरला, डोळे मिटले, पुन्हा उघडले. काही नाही. मग आम्ही पहिल्या जागी, कोळीवाड्याच्या धक्क्यासमोरच्या खडकांजवळ आलो. सूर्य मावळतीला आला होता. ठोके सुरू झाले. तेवढ्यात एक मोठी लाँच धडधडत गेली आणि ठोके बंद पडले. ती लांब गेल्यावर हळूहळू पुन्हा आले. उर्मिला म्हणाली, बघा, घाबरले. लवूला ते पटले नाही. लाँचच्या आवाजाखाली साच्यांचा आवाज बुडाला असेल, असे त्याने सुचवले, आणि मला ती शंका रास्त वाटली.

मग त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवला, होडीच्या तळाशी वाकला आणि फळीवर पंजाने थाप मारली. मृदुंगावर मारतात तशी, मोकळी.

माझ्या कानातले सगळे ठोके एकदम थांबले. चुरचुर राहिली, ठोके गेले. मी हाताने त्याला तसे सांगितले. मग लांबून एकच मासा बोलला. टक टक. त्याला दुसऱ्याने जोड दिली, आणि बघता बघता पुन्हा सगळी गर्दी. लवूने हेडफोन घेतला, पुन्हा थाप मारली, पुन्हा शांत. पुन्हा एकाने सुरुवात केली. त्याने किती वेळा असे केले कोण जाणे. शेवटी हरेश्वर म्हणाला की फळी फुटेल.

"साचा कुणाचं ऐकत नाही, बाई," लवू उर्मिलाला म्हणाला. "हे ऐकतायत."

मला वाटले, संपले आता. लवूलाही तसेच वाटले. त्याने टेपरेकॉर्डर मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी चाळीच्या गॅलरीत मंडळाच्या माणसांना बसवून टेप लावली. आपण चुकलो, हे मासे आहेत, असे त्याने आधीच सांगून टाकले होते. पण ऐकणारे सगळे साचेखात्यातलेच. टेप सुरू झाली आणि ती माणसे सरळ होऊन बसली. एकाने नकळत पाय पुढे-मागे केला, साच्यावर उभे राहिल्यासारखा. रघूनाना म्हणून मंडळातले म्हातारे टाळकरी होते. गिरणीतून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षे झाली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी टेप पुन्हा लावायला सांगितली. ती पुन्हा लागली, आणि ऐकून झाल्यावर रघूनाना म्हणाले, "लव्या, मित्राला वाचवायला काहीही सांगशील. हे साचेच."

म्हणजे झाले उलटेच. आधी नुसता लवूचा शब्द होता, आता सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकले. समोरचे दार अर्धे उघडे होते. दौलतने आतून सगळे ऐकले असणार.

उर्मिलाचेही काही बरे चालले नव्हते. कोळीवाड्यातले काही लोक धक्क्यासमोरच्या त्या पट्ट्यात डोळ लावायचे. डोळ म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेले पिशवीसारखे जाळे. त्याची भोके इतकी बारीक, की अंडी घालायला आलेली ढोमी आणि बोटाएवढी पिल्ले सगळीच आत. दिवाळीपर्यंत तेवढा पट्टा मोकळा सोडावा अशी तिची विनंती होती. शाळेच्या खोलीत तिने चित्रे दाखवून व्याख्यान दिले. लोकांनी आदराने ऐकले, चहा घेतला आणि घरी गेले. नंतर हरेश्वरने तिला हळूच सांगितले की मासा बोलतो ते ठीक, पण त्याने आपल्याला काय सांगितले, ते लोकांना कळले नाही.

लवू तिथेच होता. तो म्हणाला की भाषण कोण ऐकतो, बारी ठेवा. एका बाजूला ढोमी, दुसऱ्या बाजूला दौलतबुवा. आम्हांला आधी थट्टाच वाटली. मग त्याने सगळे समजावून सांगितले. नवरात्रात कोळीवाड्याच्या देवळासमोर. टेप नको, टेप लोकांना साच्यांची वाटते. माइक पाण्यात, तिथून वायर धक्क्यावरून थेट देवळापर्यंत, आणि कर्ण्यातून आवाज. हरेश्वर होडीत बसेल. त्याने थाप मारली की मासे गप्प, बोलू लागले की पुन्हा थाप. तेवढ्यात दौलतबुवा आपली बारी घेतील. ते थांबले की थापही थांबेल आणि मासे आपोआप बोलू लागतील. चाळीतल्या लोकांना बोलवायचे. त्यांच्यासमोर थापेने आवाज बंद पडला की साच्यांचे नाव कोण घेईल?

उर्मिलाने विचारले की दौलतबुवा येतील का. लवू उठून चाळीकडे निघाला.

तो दौलतकडे गेला ते मी पाहिले नाही, कमलने पाहिले. दार उघडे होते पण दौलत बाहेर येईना. लवू समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि साचेखात्यातल्यासारखा नुसत्या ओठांनी बोलू लागला. गॅलरीत माणसे होती, पोरे पळत होती, पण कुणाला काही कळले नाही. बराच वेळ तो बोलत होता. कमलला त्यातले थोडे कळले, पण ते तिने आम्हांला सांगितले नाही. दौलत खाटेवर बसून त्याच्या ओठांकडे बघत राहिला. उत्तर म्हणून त्याचे ओठ एकदाही हलले नाहीत.

त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे नवरात्र उशिरा होते. संध्याकाळी लवकर अंधारू लागले होते. देवळासमोर दोन चटया अंथरल्या होत्या. एकीवर कर्णा ठेवला होता आणि कोळणींनी त्याला अबोलीचा गजरा घातला होता. दुसरीवर हार्मोनियम, मृदुंग, आणि मध्ये बुवांची रिकामी जागा. लवू मृदुंगाच्या डाव्या बाजूला कणीक लावत होता. लावून झाली तरी लावत राहिला. चाळीतले लोक आले, ते एका बाजूला हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांना साचे ऐकायचे होते. रघूनानांनी टाळ आणले होते, पण ते पिशवीतच होते.

कर्णा सुरू झाला. पाण्यातली चुरचुर देवळाच्या भिंतींवर आपटली, आणि मग ठोके. आयुष्यभर ज्या पाण्यावर राहिले त्या पाण्याच्या आतला आवाज त्या वस्तीने असा एकत्र बसून कधी ऐकला नव्हता. बायका बोलायच्या थांबल्या. चाळवाल्यांत मात्र कुजबुज झाली, आणि तिच्यात साच्यांचे नाव मला स्पष्ट ऐकू आले.

तेवढ्यात मागून वाट करत दौलतबुवा आले. स्वच्छ धोतर, टोपी. चादर नव्हती. खांद्यावर झेंडूच्या फुलांची एक लहान पिशवी होती. ती त्यांनी सगळ्यांसमोर उघडली, मूठभर फुले देवीपुढे ठेवली, मूठभर कर्ण्यापुढे, आणि आपल्या जागेवर बसले. लवूकडे पाहिले नाही.

धक्क्यावरच्या पोरांनी रुमाल हलवला, हरेश्वरने थाप मारली आणि कर्ण्यातले ठोके बंद पडले. चाळवाल्यांची कुजबुजही त्याबरोबर बंद पडली. दौलतबुवांनी त्या शांततेत आलाप घेतला. मग समोरच्या बुवाला विचारतात तसे त्यांनी कर्ण्याला गाऊनच विचारले:

तुझे गाव कुठले, तुझे घर कुठे रे,
अंधारल्या पाण्यात कोण तुझे सोयरे?

त्यांचा आवाज इतक्या दिवसांत बसला होता. पहिली ओळ फाटली. लवूचा हात मात्र फाटला नाही. तो त्यांच्या ओठांवर नजर लावून बसला होता, आणि जिथे गळा अडखळला तिथे त्याने डाव्या हाताने असा भरणा केला की अडखळणे गाण्याचाच भाग वाटावे. गजर संपला. सगळे कर्ण्याकडे बघू लागले. काहीच नाही. मग लांबून एक मासा बोलला. टक टक. मग दुसरा. मग सगळे. लोकांत हशा पिकला आणि टाळ्या पडल्या. दौलतबुवा कर्ण्याला म्हणाले, "बुवा, शब्द कळला नाही. पण ठेका पक्का आहे."

दोन-तीन बाऱ्या झाल्यावर रघूनाना उठले. काठी टेकत धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. हरेश्वरने त्यांना हात देऊन होडीत घेतले. इकडे कर्णा भरात होता. अचानक थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. म्हाताऱ्याने स्वतः थाप मारून बघितली होती. ते परत आले, चाळवाल्यांच्या घोळक्याकडे न जाता सरळ चटईवर आले, पिशवीतून टाळ काढले आणि दौलतबुवांच्या मागे बसले. त्यांच्यामागून एकेक जण येऊन बसत गेला. चटई पुरेना.

त्याच वेळी दौलतने पहिल्यांदा लवूकडे वळून पाहिले आणि ओठ हलवले. आवाज काढला नाही. लवूचा हात क्षणभर थांबला, मग तो मान खाली घालून हसू लागला, आणि हसत हसतच वाजवू लागला. मी अगदी समोर बसले होते. मला एक अक्षर कळले नाही.

कोळीवाड्याचा निकाल लागला तो हरेश्वरच्या आईमुळे. काशीबाई बाजारात मासे विकायच्या आणि घरातल्या डोळीच्या जाळ्यांवर त्यांचाच शब्द चाले. आरतीनंतर त्या उठल्या. त्यांनी उर्मिलाला विचारले की हे ढोमी खरोखर मादीला बोलावतात का. उर्मिला हो म्हणाली. त्या सगळ्यांकडे वळल्या.

"लगीन चाललंय त्यांचं," काशीबाई म्हणाल्या, "आणि आपण मांडवाच्या दाराशीच जालं लावलंय."

त्यांच्या घरचे जाळे दुसऱ्या दिवशी निघाले. दोन घरांनी काढले नाही, आणखी काहींनी कुरकुरत काढले. दिवाळीपर्यंत तो पट्टा बराचसा मोकळा राहिला. पुढच्या नवरात्रात कोळीवाड्यानेच बारीचे निमंत्रण पाठवले. काही वर्षे पट्टा पाळला गेला, काही वर्षे नाही. उर्मिलाने दर वर्षी आवाज टिपून घेतला. कधी गर्दी वाढलेली, कधी पाण्यात नुसती चुरचुर. त्या सगळ्याची कारणे तिला सापडली नाहीत, आणि सापडली असे तिने कधी सांगितलेही नाही.

संप असा मिटलाच नाही. गिरणी पुन्हा उघडली तेव्हा त्यात लवू नव्हता, दौलतही नव्हता. दौलतबुवांनी फुलबाजारातच एक गाळा धरला, आता उघडपणे. लवू मृदुंगाला चामड्याच्या पुड्या चढवायला शिकला आणि परळच्या एका दुकानाबाहेर बसू लागला. कान आणखी गेले. मृदुंग तयार झाला की तो गाल लावून बघायचा. होडीवर जाणे त्याने सोडले नाही. उर्मिलाला सोबत लागत नसे तेव्हाही मी जात असे. वाटेत मी त्याला दर खेपेला विचारायची की त्या दिवशी दौलतने काय सांगितले. तो हसायचा, आणि ऐकू आले नाही असे दाखवायचा.

दौलतबुवा गेले त्या वर्षी मी आणि उर्मिला लवूकडे भेटायला गेलो. चाळीतली ती खोली, गॅलरीत समोरचे बंद दार. लवूला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. मी त्याच्यासमोर बसले आणि त्यांच्याच पद्धतीने, आवाज न काढता, ओठ हलवून तोच प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत मला तेवढे जमू लागले होते. तो चपापला. मग त्याने माझ्याकडे बघत ओठ हलवले. मी काही केल्या वाचू शकले नाही. पुन्हा हलवले. तरी नाही. मी कमलकडे पाहिले.

कमल चहा गाळत होती. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि इतक्या वर्षांनी तिलाही ते पहिल्यांदाच कळत होते हे तिच्या चेहऱ्यावरून दिसले.

"दौलत म्हणालो," कमल म्हणाली, "हळू वाजव मेल्या, मासे पळतले."